शेवटचा बोल्ट वस्तादाचा

हो, मीच बोलतोय. इकडेतिकडे काय बघता? गॅरेजच्या भिंतीवर, पंख्याच्या बटणाखाली खिळ्याला लटकलेला हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर दिसतो ना, तो मी. स्क्रू पिळायला माझ्याहून बुटके ढीगभर पडलेत इथे. माझं काम वेगळं आहे. मी ऐकतो.

माझं टोक चालू इंजिनाला टेकवायचं आणि लाकडी मूठ कानाला लावायची. आत काय दुखतंय ते मी बरोबर सांगतो. डॉक्टरांच्या गळ्यात नळी असते ना, तिचा मी गरीब भाऊ. गरीब म्हणालो तो आपला विनय.

मला वस्तादांनी आणलं तेव्हा त्यांचे कान तिखट होते. पुढे हातोड्या आणि हॉर्न ऐकून ऐकून ते मंदावले. दुसरा कुणी असता तर घरी बसला असता. वस्तादांनी माझी मूठ दातांत धरायला सुरुवात केली. आवाज दातांतून थेट डोक्यात जातो म्हणे. नवखी गिऱ्हाइकं तोंड लपवून हसतात. हसोत बापडी! माझ्या मुठीवर त्या दातांचे व्रण आहेत आणि मी ते मिरवतो.

वस्तादांची लेक याच गॅरेजात काम शिकली. घरी ती त्यांना बाबा म्हणते, गॅरेजात वस्ताद. बारीकसारीक सगळं करायची, पण अख्खं इंजिन तिच्या हाती कधी दिलं नव्हतं. मग ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या एका बाईंची गाडी धूर ओकत आली. वस्ताद लेकीला म्हणाले, "हे तू बांध. नीट चाललं तर गॅरेज तुझं. नाहीतर शटर ओढू आणि दोघं घरी बसू."

तिने इंजिन उतरवलं, खोललं, धुतलं. रिंगा बदलल्या, बेअरिंगं बदलली, एकेक नट मापात आवळला. तिचे हात बघून माझीच छाती फुगत होती.

आमच्या गॅरेजची एक रीत आहे. शेवटचा बोल्ट वस्तादच पिळतात. दुसऱ्या कुणी चुकून लावू नये म्हणून काम सुरू होतानाच तो आपल्या खिशात टाकून ठेवतात. या खेपेला तो गिअरबॉक्सच्या खालच्या पत्र्याचा होता. वस्ताद गाडीखाली सरकले, खिशात हात घातला आणि बोल्ट लावून आले.

इंजिन सुरू झालं आणि आतून आवाज आला, टक टक टक. रेस दिली की टकटकही धावायची. बाईंचा चेहरा उतरला. वस्तादांनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि बेअरिंग गेलं, पुन्हा खोलावं लागेल, असा निकाल देऊन टाकला. लेकीच्या तोंडचं पाणी पळालं. इंजिन खोलायचं म्हणजे गॅरेजही गेलंच की.

पण तिने मला खिळ्यावरून काढलं. चालू इंजिनाच्या प्लगच्या वायरी एकेक करून काढून पाहिल्या. बेअरिंग खराब असतं तर एखादी वायर काढल्यावर आवाज कमी झाला असता. झाला नाही. मग तिने बाईंना क्लच दाबायला सांगितलं. टकटक थांबली, म्हणजे दुखणं इंजिनात नव्हतं, मागच्या गिअरबॉक्समध्ये होतं. सोडल्यावर पुन्हा सुरू. तशी ती माझं टोक मागे मागे सरकवत खालच्या पत्र्यापाशी आली. तिथे आवाज असा ठणठणीत होता की मला वेगळं काही सांगावं लागलं नाही.

तो बोल्ट कुणी लावला हे ती जाणून होती. माझ्या मुठीवरची तिची पकड सैल झाली. गुपचूप दुरुस्त करून, काहीतरी घासत होतं म्हणाली असती, तर कुणाला कळलं असतं? मला वाटलं, तसंच करेल.

"वस्ताद," ती म्हणाली आणि थांबली. "बाबा, एकदा तुम्हीच ऐका."

वस्ताद खाली वाकले. मूठ दातांत धरली, टोक पत्र्याला लावलं. ऐकता ऐकता त्यांचा हात खिशाकडे गेला. खिशात एक छोटा बोल्ट अजून तसाच होता. पत्र्याला लागला होता तो त्याच खिशात पडून राहिलेला, भलत्याच गाडीचा, बोटाच्या पेराइतका जास्त लांब. त्याचं टोक आत फिरणाऱ्या चाकाला घासत होतं.

वस्तादांनी तो छोटा बोल्ट काढून तळहातावर घेतला. मग हसले. "म्हणे बेअरिंग गेलं. चांगलं बांधलंयस गं."

त्यांनी इंजिन बंद केलं, लांब बोल्ट काढला आणि छोटा लेकीपुढे धरला. तिने हात मागे घेतला. "शेवटचा बोल्ट वस्तादाचा असतो."

"मग मी कुणाला देतोय?"

लेकीने डोळे पुसले, नाकाला काळं ग्रीस लावून घेतलं आणि बोल्ट पिळला. इंजिन पुन्हा सुरू झालं तेव्हा बाईंनी दोनदा विचारलं, चालू आहे ना?

आता मी लेकीच्या कानाशी असतो. तुमची गाडी कुरकुरली तर रेडिओ मोठा करू नका, आधी ऐका. आणि माझी मूठ कुणी घासूनपुसून चकचकीत करायला निघालाच, तर त्याला अडवा. ते व्रण माझ्या वस्तादांचे आहेत.