बाळ गद्र्यांच्या वाट्याचा गडू

मी गंगेचा गडू बोलतोय. हात जोडू नका. त्याची आता मला सवय झाली आहे आणि त्यानं माझा राग काही उतरत नाही.

मी तांब्याचा, मुठीत मावेल एवढा. काशीत माझ्यात पाणी भरलं आणि तोंड झाळून पक्कं बंद केलं. माणूस शेवटच्या घटका मोजू लागला की झाकण फोडायचं आणि चमचाभर पाणी त्याच्या तोंडात घालायचं. माझ्या जन्माचं काम एवढंच, आणि तेही एकदाच.

शनिवार पेठेतल्या गद्र्यांच्या आईनं काशीहून दोन गडू आणले. मावंद्याची पंगत उठल्यावर तिनं मुलाला, बाळला, हाक मारली. "हा माझा आणि हा तुझा," असं म्हणून तिनं मला त्याच्या हातात ठेवलं. बाळ तेव्हा तिशीतला, पालिकेच्या पाणी-तपासणीत नोकरीला, आणि देवबिव न मानणारा. "माझा आहे ना? मग त्याचं काय करायचं ते मी ठरवीन," तो म्हणाला.

सात वर्षांनी आई गेली. तिचा गडू बाळनंच फोडला आणि स्वतःच्या हातानं तिला पाणी पाजलं. त्याची धाकटी बहीण मंदाकिनी रडता रडता थांबली. "दादा, तू? तुझा तर विश्वास नाही."

"तिचा आहे. तोंड तिचं आहे," तो म्हणाला.

फडताळातून मी हे बघत होतो. माझ्या जोडीदाराचं सोनं झालं होतं. आपलीही पाळी कधीतरी येईल, असं मला वाटलं.

पाळी कसली येते? गॅलरीचं दार वाऱ्यानं आपटायचं, म्हणून या गृहस्थानं मला दाराला अडण म्हणून लावलं. तीस वर्षं मी जमिनीवर होतो. पोछ्याचं घाण पाणी, कबुतरांची घाण, सगळं माझ्या अंगावर. त्याची मुलगी वल्लरी येता-जाता ठेचकाळायची आणि शिव्या मला बसायच्या. मी काळाठिक्कर पडलो. तेव्हाच मी मनाशी ठरवलं: तुझ्याही घशाला कोरड पडेल, बाळ गद्रे. तेव्हा माझ्याकडे बघशील आणि मागशील. त्या एका मागण्यासाठी मी दम धरून बसलो.

गेल्या वर्षी ती वेळ आली. अन्ननलिकेचा कर्करोग. दवाखान्यातून त्याला घरी आणलं, तेव्हा पलंग नेमका गॅलरीच्या दाराशी लावला. माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. त्यानं वल्लरीला समोर बसवून सांगितलं, "मी शुद्धीत नसताना कोणी काही पाजायला आलं, तर अडवायचं. देह मेडिकल कॉलेजला द्यायचा. विधी काही नाहीत."

"बाबा, भीती वाटते?" तिनं विचारलं.

"वाटते ना. भीती वाटते म्हणून खोटं बोलू का?"

मी म्हटलं, वाटते म्हणाला, म्हणजे अर्धं काम झालं.

मंदाकिनी रोज हडपसरहून दोन बस बदलून यायची. एका दुपारी वल्लरी औषधं आणायला खाली गेली. मंदाकिनीनं दाराशी वाकून मला उचललं, चिंचेनं घासलं, उशाशी ठेवलं आणि हातात झाकण फोडायचा टोच्या घेऊन बसली. इतक्या वर्षांनी माझा रंग मला दिसला.

"मंदे, पाणी दे," बाळ म्हणाला.

"देते. आधी ही गंगा घे. तू तोंड उघडलंस की फोडतेच."

"ती नको. नळाचं दे. खडकवासल्याचं."

"आधी ही, दादा. मग हवं तेवढं दुसरं देते."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिलं. ओठांना भेगा पडल्या होत्या, जीभ जड झाली होती. मी आतल्या आत म्हणत होतो, माग. त्यानं ओठ मिटले आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "पाणी." तिनं पुन्हा मला पुढे केलं. त्यानं पुन्हा ओठ मिटले. तीही रडत होती, "तुझ्यासाठीच करतेय रे," म्हणत होती, पण उठत नव्हती. स्वयंपाकघरातला नळ दहा पावलांवर होता. समोरच्या घड्याळात मी मोजलं, पंधरा मिनिटं असं चाललं. त्याचे हात चादर चोळत होते. मला तो हरायला हवा होता, पण असा नाही, पाणी अडवून नाही. तो हरलाही नाही. त्या पंधरा मिनिटांत माझं वैर त्याच्यावरून उठलं आणि तिच्यावर जाऊन बसलं.

वल्लरी आली. तिनं एकदा पलंगाकडे पाहिलं, वाटीत नळाचं पाणी आणलं आणि तीन चमचे पाजले.

"क्लोरीन बरोबर आहे," तो पुटपुटला. रात्री त्यानं वल्लरीला दुपारची ती पंधरा मिनिटं सांगितली; त्यानंतर तो बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तो गेला. देह कॉलेजला गेला आणि मी वल्लरीच्या टेबलाच्या खणात.

रविवारी माणसं भेटायला आली. मंदाकिनी मधोमध बसली होती. "शेवटी दादानं मान हलवली हो. गंगा मागितली. मी माझ्या हातानं पाजली."

"शेवटी सगळे येतात लायनीवर," शेजारचे योगेश काका समाधानानं म्हणाले.

खणात माझं तांबं तापलं. ज्या विजयासाठी मी आयुष्यभर दात धरून बसलो, तो ही बाई मला खोटा देत होती, आणि तोही त्याच्या माघारी.

वल्लरी उठली. तिनं खण उघडला आणि मला योगेश काकांच्या हातात दिलं. "काका, आत्यानं कुठून पाजली, जरा बघून सांगता का?"

काकांनी मला उलटसुलट केलं. झाळ जशीच्या तशी होती. त्यांनी मला गुपचूप टीपॉयवर ठेवलं आणि आपला चहा संपवला. त्या शांततेत मला जो आनंद झाला, तो काशीत पाणी भरताना झाला नव्हता.

"गंगेशिवाय गेला असं म्हणवेना गं, वर त्याचे हाल होतील," मंदाकिनी म्हणाली.

"हाल इथेच झाले, आत्या. पंधरा मिनिटं पाणी मागत होते ते. मला त्यांनी सांगितलं."

त्यानंतर मंदाकिनी त्या घरी आली नाही. या उन्हाळ्यात तिचं हृदय दुबळं झालं, तेव्हा मुलाबरोबर निरोप आला: गडू मिळेल का? वल्लरीनं मला फडक्यात बांधून लगेच दिलं. "तोंड तिचं आहे," एवढंच म्हणाली.

आता मी हडपसरला देव्हाऱ्यात असतो. हळदकुंकू, फूल, दिवा, सगळं मिळतं. मंदाकिनी रोज मला कानाशी हलवून पाणी आहे ना बघते आणि डोळे मिटते. मी मिटत नाही. मी तिच्याकडे बघत बसतो.

तिच्या मुलांनो, सुनांनो, तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. तिची वेळ आली की मला जरूर फोडा, मी नाही म्हणणार नाही, तिचा विश्वास आहे. पण ती पाणी मागेल तेव्हा टोच्या लगेच सापडू देऊ नका. शोधा जरा. फार नको, पंधरा मिनिटं.