पुंजारामांच्या भिंतीचा टेकू

मी एक जुना टेकू आहे, मित्रांनो. जुना असलो तरी ऐतिहासिक नाही. ऐतिहासिक आहे ते घर. मी नुसता त्याच्या उत्तरेकडच्या भिंतीला खांदा देऊन उभा होतो. ‘होतो’ म्हणालो, इकडे लक्ष असू द्या. खरं तर मी फार घाईत आहे. पण गोष्ट पहिल्यापासून सांगितली नाही तर लाकडाचं कोण ऐकतं?

माझा जन्म सुरगाण्याकडच्या डोंगरातला. मी ऐनाचं झाड होतो. ऐनाचं लाकूड टणक आणि वजनदार. तोडून वखारीत आणल्यावर मला वाटायचं, आपण एखाद्या देवळाची तुळई होणार, आपल्याला घंटा टांगली जाणार. तसं काही झालं नाही. एका पावसाळ्यात बहिरू मिस्त्री आले, मला दोन टोकांना ठोकून पाहिलं आणि हातगाडीवर घालून नाशकात, गोदावरीकडे उतरणाऱ्या एका अरुंद गल्लीत घेऊन गेले.

तिथं ते घर होतं. तीन मजली, विटांचं, रस्त्याच्या बाजूला सागवानी नक्षीचा सज्जा. उत्तरेची भिंत मधोमध फुगून गल्लीत आली होती. बहिरू मिस्त्रींनी माझं एक टोक फळी लावून भिंतीला टेकवलं, दुसऱ्या टोकाशी दगड आणि पाचर ठोकली आणि घरमालक खंडेरावांना म्हणाले, “आठ दिवसांचा प्रश्न आहे. भिंत उतरवू, नव्यानं चढवू. तोवर हा गडी धरून ठेवील.”

“धरील ना रे नक्की?”

“तुमच्यापेक्षा सरळ आहे.”

पण त्याच आठवड्यात कचेरीतून माणसं आली. त्यांनी दारावर निळी पाटी ठोकली आणि सांगितलं, की तुमचं घर वारसा वास्तूंच्या यादीत घेतलं आहे. खंडेरावांनी अख्ख्या गल्लीला पेढे वाटले. बहिरू मिस्त्रींनीही खाल्ला. दुसऱ्या दिवशी ते पहार घेऊन आले तेव्हा कळलं, की आता या घराची एक वीटसुद्धा समितीच्या परवानगीशिवाय हलवता येत नाही. समितीची बैठक व्हायची होती. ती अजून व्हायची आहे. मध्यंतरी बहिरू मिस्त्री वारले, त्यांच्या मुलानं मोबाइलचं दुकान टाकलं, आणि आठ दिवसांसाठी आलेला मी तिथंच राहिलो. घराला संरक्षण मिळालं ते पडणं सोडून बाकी सगळ्यापासून.

घराचा इतिहास मला तोंडपाठ आहे. खंडेराव प्रत्येक पाहुण्याला तो माझ्यावर हात ठेवूनच सांगत. हे घर बांधलं त्यांच्या आजोबांनी, पुंजारामांनी. पुंजारामांचा शहराबाहेर मळा होता. झेंडू, शेवंती, गुलाब. डोक्यावर पाटी घेऊन ते नदी ओलांडत आणि पंचवटीतल्या देवळांना फुलं पोचवत. त्यांनी घर बांधलं तेही फुलांचा विचार करून. तळमजल्याला दगडी फरशी, जाड भिंती, खिडक्या उत्तरेला. भर उन्हाळ्यात फुलं खाली गारव्यात, आणि माणसं वर पत्र्याखाली उकडत. तिसऱ्या मजल्यावर सगुणाबाई सुईण भाड्यानं राहायच्या. गल्लीतली निम्मी माणसं त्यांच्या हातची. महापुरात पाणी पहिल्या जिन्यापर्यंत चढलं तेव्हा एक बाळंतपण त्यांनी माळ्यावर केलं होतं, आणि जन्मणाऱ्या मुलाच्या बापाला आधी फुलांच्या पाट्या वर आणायला लावल्या होत्या.

आता घरात दोघंच. ऐंशीला टेकलेले खंडेराव आणि त्यांच्या दिवंगत मुलाची बायको, साधनाताई. ताई आजही तळमजल्यावर बसून देवळांसाठी हार गुंफतात. त्यांचं स्वयंपाकघर पहिल्या मजल्यावर, त्याच उत्तरेच्या भिंतीला लागून.

माझ्या नोकरीत कौतुक असं झालं नाही. माझ्यावर ओल्या चादरी वाळल्या, मंडळाचे बॅनर बांधले गेले, एक गाय रोज पाठ घासून जायची. वारसा पाहायला येणाऱ्यांना त्यांचा वाटाड्या सांगायचा, “फोटोत टेकू येऊ देऊ नका, प्लीज.” मी वाईट वाटून घेतलं नाही. भिंत पाठीवर असताना वाईट वाटून घ्यायला वेळ नसतो.

मग सिंहस्थ तोंडावर आला. गल्लीचं सुशोभीकरण ठरलं. राज नावाचा एक तरुण सुपरवायझर आला. त्यानं भिंतीकडे पाहिलं, हातातल्या टॅबकडे पाहिलं.

“बाबा, इथं तुमच्या आजोबांचं चित्र येणार. डोक्यावर फुलांची पाटी, मागं गोदावरी.”

“केवढं?” खंडेरावांनी विचारलं.

“भिंतभर. फक्त हा बांबू काढावा लागेल.”

बांबू! असो.

साधनाताई अर्धा हार हातात घेऊनच बाहेर आल्या. “अहो दादा, त्या बांबूवर आम्ही राहतो.”

“ताई, यादी बघा ना. यादीत सज्जा आहे, नक्षी आहे, जिना आहे. टेकू कुठं आहे? मूळ वास्तूत नाही, म्हणजे अतिक्रमणच की.”

चित्र काढायला आलेला संघर्ष नावाचा पेंटर डबे उतरवत होता. तो म्हणाला, “सर, मी याची काठी करतो. आजोबांच्या हातात देऊन टाकतो. मस्त बसेल.”

“डिझाईन पास झालंय. त्यात काठी आहे?”

“नाही.”

“मग?”

ताई सासऱ्यांकडे वळल्या. “आबा, तुम्ही तरी बोला काही.”

खंडेराव भिंतीकडे पाहत होते. त्यांनी राजला विचारलं, “पलीकडं पंचवटीत कुणाच्या आजोबांचं काढताय का?”

“कुणाच्याच नाही. तुमचंच.”

“काढा मग टेकू. रंग वाळेपर्यंत काय होतंय?”

अशी, मित्रांनो, माझी निवृत्ती झाली. पाचर ठोकून काढली, मला गल्लीत आडवं केलं. संघर्षनं चित्र मात्र जीव ओतून काढलं, खोटं कशाला बोलू? पुंजारामांचा फोटो नव्हता, म्हणून त्यानं खंडेरावांनाच समोर बसवलं. शेवंतीची पाकळी न् पाकळी मोजावी अशी. संपूर्ण गल्ली बघायला लोटली.

आणि भिंत सरकू लागली.

आधी पुंजारामांच्या पाटीपाशी केसाएवढी भेग आली. ती खांद्यावरून कमरेपर्यंत उतरली. मग कमरेच्या वरचा भाग हळूहळू पुढं येऊ लागला. बघायला येणारे लोक हरखून गेले. “काय थ्रीडी काढलंय!” “पोट बघ ना, हात लावावासा वाटतो!” मी खाली पडून सगळं बघत होतो. वर्षानुवर्षं त्या भिंतीचं वजन माझ्या अंगात होतं. ती किती पुढं आली की परत फिरत नाही, हे मला ठाऊक आहे. पण लाकडाला तोंड नसतं.

एके सकाळी खंडेराव चित्रासमोर आले. त्यांनी पुंजारामांच्या पोटावर तळवा ठेवला. तो तिथंच राहिला.

“आजोबा,” ते हळूच म्हणाले, “आत घ्या हो पोट.”

ताईंना हसू आलं नाही. त्या माझ्या एका टोकाला वाकल्या, खंडेराव दुसऱ्या टोकाला. ताईंकडचं टोक वीतभर उचललं गेलं. खंडेरावांकडचं हललंच नाही. ते तसेच माझ्यावर बसले आणि धापा टाकत राहिले.

राजला फोन केला. तो म्हणाला, “बाबा, उद्घाटन व्हायचंय. पाहुण्यांची तारीखच मिळेना. तोवर चित्राला ओरखडा नको.” शेजारी म्हणाले, “आबा, फीत कापली की त्याच दिवशी टेकू लावू. आपलंच घर आहे.” सगळे मनापासून म्हणाले.

“चार दिवस निफाडला चला, माझ्या भावाकडं,” ताई म्हणाल्या.

“ज्या घरात चूल पेटत नाही ते घर आधी पडतं,” खंडेराव म्हणाले. “काढायला मीच सांगितला ना? मी इथंच थांबणार. तू जा.”

“मी जाऊ? आणि तुम्हाला चहा कोण देणार, चित्र?”

ताई गेल्या नाहीत. त्यांनी शेगडी भिंतीपासून हातभर अलीकडे ओढली. त्या खोलीत त्याहून अलीकडे जागा नाही.

मित्रांनो, तुम्ही आज सहलीला आलात. सरांनी तुम्हाला चित्र दाखवलं, पाटी वाचून दाखवली. आता दमून तुम्ही ज्या ओंडक्यावर ओळीनं बसला आहात आणि चिवडा खात आहात, तो ओंडका म्हणजे मी. उद्या तुम्ही वहीत लिहाल, की जुन्या वास्तू जपल्या पाहिजेत. जरूर लिहा. पण त्या वास्तूत या क्षणी एक म्हातारा भिंतीकडे पाठ करून पेपर वाचतो आहे आणि एक बाई कणीक मळते आहे, ते आधी सरांना सांगा. फीत कापायची वाट बघू नका. ओरखडा आला तर संघर्ष तो बुजवील. त्याचा हात चांगला आहे.

मी जड आहे, हे कबूल. पण तुमचे सर, तुमचा ड्रायव्हर आणि तो कोपऱ्यावरचा पाणीपुरीवाला, एवढे पुरे. एक टोक भिंतीला, एक जमिनीत, मागं दगड. इतकंच काम आहे. पुढचं मी बघतो. मला तेवढं एकच येतं.

आत्ता वरून वाळू सांडली. तुमच्यातल्या एकीच्या वेणीवर पडली, तिनं झटकली आणि वर बघितलं. बाळ, तू बघितलंस ना? मग ओरड. मला ओरडता येत नाही.

उठा, मित्रांनो. माझ्यावरून उठा.