लाल टाके

मास्तरीणबाईंनी कोटाचं अस्तर उसवत कॉलरपर्यंत आणलं आणि त्यांचं ब्लेड तिथंच थांबलं. आत, जिथं कुणाची नजर जायचं काही कारणच नाही अशा जागी, लाल दोऱ्याचे तीन टाके होते. दोन उभे, त्यांवर एक आडवा.

त्यांनी चष्मा पुसला, कोट खिडकीशी नेला. टाके काही बदलले नाहीत. मग अंगातल्या जाकिटाची कॉलर उलटून बघितली. तिथंही तेच. लग्नानंतर मास्तरांनी त्यांच्यासाठी पहिला कपडा शिवला, तेव्हा ही खूण दाखवून ते म्हणाले होते, "ही फक्त तुझ्या कपड्यांत. गिऱ्हाइकाला शिलाई मिळते, हे मिळत नाही." तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक कपड्याच्या आत ते टाके होते. शेजारणी नवऱ्यांचं कौतुक सांगू लागल्या की बाई नुसत्या कॉलरीला हात लावायच्या आणि मनात म्हणायच्या, सांगा, सांगा.

शाळेचं तोंड त्यांनी जेमतेम पाहिलेलं. पण नवरा टेलर मास्तर, म्हणून अख्खी गल्ली त्यांना मास्तरीणबाई म्हणे. मापं घेणं, कापणं मास्तरांकडे, काजं-बटणं आणि उसवणं बाईंकडे. "जोडायचं यांनी, फाडायचं मी," असं त्या गिऱ्हाइकांना सांगत आणि मास्तर गालात हसत.

कोट सकाळी एक मुलगी टाकून गेली होती. विशी ओलांडलेली, मोजकं बोलणारी. मास्तर तेव्हा दोरे आणायला बाजारात गेले होते.

"आईचा आहे," ती म्हणाली. "ती गेली मागच्या वर्षी. मला माझ्या अंगाबरोबर करून हवाय. मास्तर नाहीत का?"

"येतील. काम काय ते मला सांग ना."

"खांद्यात आणि कमरेत घ्या. बाह्या मात्र आहेत तेवढ्याच राहू द्या."

बोलताना तिनं अंगातल्या स्वेटरची डावी बाही बोटांपर्यंत ओढली. त्याआधी बाईंना मनगटावरची आक्रसलेली, चकचकीत कातडी दिसली होती. लहानपणी भाजलेलं असावं. आणखी एक गोष्ट दिसली होती, पण तेव्हा ती डोक्यात शिरली नव्हती. मुलीचा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर उतरता होता. तसला खांदा बाई रोज बघत होत्या. मास्तरांच्या प्रत्येक सदऱ्याला डावीकडून आत पट्टी लावून तो सावरायचं काम त्यांचंच होतं.

आता ती शिरली. लग्नाच्या बोलणीत मास्तर म्हणाले होते, माझं मागं-पुढं कुणी नाही. बाईंना ते ऐकून दयाच आली होती. नंतर मूलबाळ झालं नाही, तेव्हाही मास्तरांनी चकार शब्द काढला नव्हता. किती समजूतदार माणूस, असं वाटून बाईंनी तेही त्यांच्या खात्यावर जमा केलं होतं.

खांदे घेणं काही त्यांना अवघड नव्हतं. गुपचूप काम उरकावं, मुलगी आली की कोट हातात द्यावा, झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांनी कोटाची घडी घातली आणि गिऱ्हाइकांच्या कपड्यांच्या ढिगाखाली सारली.

मास्तर आले. जेवणं झाली. "आज आमटीत मीठ टाकलं नाहीस की काय?" त्यांनी विचारलं. एवढ्या साध्या प्रश्नाला बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या उठल्या, ढीग उपसला आणि कोट त्यांच्यापुढे ठेवला.

मास्तरांनी कोट उलगडला नाही. त्यांचं बोट सरळ कॉलरीच्या आत गेलं.

"कुणी आणला?"

"मुलीनं. आई गेली म्हणाली, मागच्या वर्षी."

मास्तर उठले. त्यांनी इस्त्रीची पिन भिंतीतून उपटली. इस्त्री गारच होती. ही त्यांची जुनी खोड. दुकान बंद करताना दोनदा मागं फिरून बघत, कुणाबरोबर लहान मूल आलं तर इस्त्री उचलून थेट माळ्यावर. "दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात म्हणे," बाई चिडवायच्या. "तुम्ही कुठं पोळलात?" मास्तर हसून सोडून देत.

"मी इस्त्री खालच्या फळीवर ठेवली," आता ते म्हणाले, "आणि चहा घ्यायला दारात गेलो. पोर नुकती पळायला लागली होती. तिची आई मला एक शब्द बोलली नाही. बोलायला हवं होतं. रोज पट्टी बदलताना पोर माझ्याकडे बघून रडायची. एक दिवस दोरे आणतो म्हणून निघालो, तो गेलोच नाही परत. सोडचिठ्ठीसुद्धा वकिलाच्या हातून. समोर उभा राहिलो नाही."

दोरे आणायला. आज सकाळीही ते दोरे आणायलाच गेले होते आणि त्या निर्धास्त काजं करत बसल्या होत्या.

"बायको होती, लेक होती, ते लपवलंत," त्या म्हणाल्या. "ते एक वेळ गिळीन मी. पण हे टाके? हे माझे होते ना?"

"खोटं बोललो." मास्तरांनी मान वर केली नाही. "दुसरं काही देण्यासारखं येत नव्हतं मला."

बाईंनी जाकीट काढून खिळ्याला अडकवलं. थंडी होती, तरी ते त्यांनी पुन्हा अंगात घातलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

कोट मास्तरांनीच हातात घेतला. दिवसभर घरात मशीनचाच काय तो आवाज. एकदा त्यांनी विचारलं, "डावा खांदा उतरता आहे?"

"तुमच्यासारखाच."

त्यांनी आतून पट्टी लावली. बाईंपेक्षा सफाईदार लावली. लाल टाके होते तिथंच ठेवून वर अस्तर बंद केलं.

"ती आली की तूच दे," ते म्हणाले. "मी मागं बसतो. माझं तोंड नको तिला."

"मागं बसायची सवयच आहे तुम्हाला," बाई म्हणाल्या, आणि म्हटल्यावर त्यांना बरंही वाटलं आणि वाईटही.

मुलगी संध्याकाळी आली. मास्तर पडद्याआड गेले, पण चपलांची टोकं पडद्याखालून दिसत होती. मुलीनं कोट चढवला. अंगावरच बेतल्यासारखा बसला. आरशात ती कितीतरी वेळ स्वतःकडे बघत राहिली. बहुधा स्वतःकडे नसावी.

"मास्तर आजही नाहीत?" तिनं विचारलं.

बाहेरगावी गेलेत, हे शब्द बाईंच्या अगदी ओठांवर आले. तेवढ्यावर सगळं मिटलं असतं. मुलगी गेली असती, मास्तर बाहेर आले असते, मशीन सुरू झालं असतं. मुलीनं कोटाची डावी बाही पुन्हा बोटांवर ओढली. बाईंनी ते बघितलं.

"बाही अंमळ लांब वाटतेय," त्या म्हणाल्या. बाही मुळीच लांब नव्हती. "अहो, जरा टेप घेऊन या बाहेर."

पडदा हलला नाही.

"अहो, ऐकलंत का? गिऱ्हाईक खोळंबलंय."

मास्तर आले. येता येता त्यांनी भिंतीतली पिन ओढली. मुलगी ते बघत होती. मग तिनं आपण होऊन कोटाची बाही वर सारली आणि हात पुढे केला.

मास्तरांनी टेप तिच्या खांद्याला लावली, कोपरावरून खाली आणली. मनगटाशी त्यांचा अंगठा थांबला.

"आता दुखत नाही," मुलगी म्हणाली. तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

मास्तर माप सांगणार आणि बाई लिहिणार, अशीच पद्धत होती. बाई पेन्सिल धरून बसल्या होत्या. आकडा काही येईना. त्यांनीही तो मागितला नाही.