आक्काबाईंचा पहिला डाव

मच्छिंद्र गुरुजींनी तेहतीस वर्षं तिसरीच्या वर्गाला शिकवलं होतं, आणि तेवढ्या वर्षांत त्यांना एक खोड जडली होती. कुठलीही गोष्ट सांगायची तर आधी तिची व्याख्या सांगायची. बेट म्हणजे काय ते आधी, बेटांची नावं मग. मुलं कंटाळत नसत, कारण गुरुजी स्वतः कंटाळत नसत. ही खोड निवृत्तीनंतर आक्काबाईंच्या सात म्हशींच्या कामी येईल, असं मात्र त्यांना कुणी सांगितलं असतं तर ते हसले असते.

खुटबावच्या शिवाराबाहेर एक मुरमाड माळ होता. गवत उगवलंच तर शेळ्यांच्या आधी उन्हानं खावं, असा. नव्व्याण्णव साली कोंबडीखाद्याच्या धंद्यात वर आलेल्या बबनरावांनी तो विकत घेतला आणि तिथं गोल्फ क्लब काढला. नऊ होल, म्हणजे नऊ खड्डे, प्रत्येकात एक झेंडा. हिरवळ कुठली असायला. झेंड्याभोवती बारीक वाळू पसरून तिच्यावर जळकं तेल शिंपडायचे. दौंडचे डॉक्टर आणि कारखान्यांतले मॅनेजर रविवारी टोप्या घालून यायचे आणि पांढरे चेंडू बाभळींत घालवून परत जायचे. ग्रामपंचायतीनं परवानगी देताना एकच अट घातली होती, की गावातल्या कुणालाही पहिला डाव फुकट खेळू द्यावा. बबनरावांनी ती हसत मान्य केली. गावातलं खेळायला कोण येणार होतं?

क्लबचा सेक्रेटरी ज्ञानेश हा पुण्याहून आलेला, इस्त्रीच्या घडीसारखा तरुण. त्यानं नियमांचे इंग्रजी कागद गुरुजींकडे आणून दिले आणि गावाला कळेल अशा मराठीत त्यांचा फलक करून मागितला. गुरुजी तीन आठवडे बसले. खेळ कधी पाहिलेला नव्हता, पण नियम वाचून त्यांना तो आवडला. कुणी टोला मारायला उभा राहिला की बाकीच्यांनी गप्प राहायचं, मागून घाईचा माणूस आला तर त्याला पुढं जाऊ द्यायचं, आपले टोले आपणच मोजायचे आणि खोटं बोलायचं नाही. असा वर्ग त्यांना तेहतीस वर्षांत एकदाही मिळाला नव्हता.

निळ्या पत्र्यावर पांढऱ्या रंगानं त्यांनी आठ नियम लिहिले. सवयीप्रमाणे वरती व्याख्या घातली: 'ज्याच्या हाती काठी व समोर स्वतःचा चेंडू आहे, तो खेळाडू.' मग पहिला नियम: 'खेळाडूखेरीज कोणीही या मैदानातून जाऊ-येऊ नये.' फलक क्लबच्या फाटकाशी उभा राहिला, बाजूनं तारेचं कुंपण आलं, आणि आक्काबाईंची वाट बंद झाली.

आक्काबाईंची वस्ती माळाच्या अलीकडं आणि कालवा पलीकडं. त्यांच्या सासूच्या सासूपासून म्हशी याच माळावरून पाण्याला जात आलेल्या. आता रेल्वे फाटकाकडून तीन किलोमीटरचा वळसा पडायला लागला. ते फाटक उघडं कमी, मिटलेलंच जास्त. दुसऱ्याच दिवशी एक म्हैस रुळांत बसली आणि मालगाडीच्या ड्रायव्हरला खाली उतरून तिची मनधरणी करावी लागली. आठवडाभरात दूध निम्म्यावर आलं.

गुरुजींना हे कळलं ते फलकापाशीच. आक्काबाई फलकासमोर उभ्या राहून एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचत होत्या. साक्षरता अभियानात गुरुजींनी समाजमंदिरात चालवलेल्या वर्गात त्या वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी बाराखडी शिकल्या होत्या. त्यानंतर खताच्या गोण्या आणि एसटीच्या पाट्या सोडल्या तर वाचायला असं काही हाती आलं नव्हतं. आपल्या विद्यार्थिनीनं अख्खा फलक न अडखळता वाचला याचा गुरुजींना आनंद झाला, आणि काय वाचला हे ध्यानात येताच तो आनंद तिथंच विरला.

"रेल्वेच्या फाटकाच्या वाटंनं म्हशी टिकायच्या न्हाईत गुर्जी," आक्काबाई शांतपणे म्हणाल्या. "इकाव्या लागत्याल."

गुरुजी म्हणाले की फलक त्यांनीच लिहिला, त्याची त्यांना लाज वाटते, ते बबनरावांना भेटतील. आक्काबाईंचं लक्ष नव्हतं. त्यांचं बोट वरच्या व्याख्येवर होतं.

"अक्षार झ्याक हाय तुमचं," त्या म्हणाल्या. "समदं कळतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या क्लबच्या फाटकाशी हजर झाल्या. नियम पाच सांगत होता की अंगात कॉलरचा कपडा आणि पायात बूट हवेत. शेतातल्या बायकांसारखा लुगड्यावर नवऱ्याचा जुना सदरा त्या रोजच घालायच्या, त्याला कॉलर होतीच. बूट नातवाचे कॅनव्हासचे. हातात म्हशी हाकायची काठी आणि समोर स्वतःचा म्हणून गेरूचा टिपका दिलेला पांढरा चेंडू, जो ज्वारीच्या कडब्यात सापडला होता. ज्ञानेश धावत आला. आक्काबाईंनी त्याला पंचायतीचा ठराव सांगितला, व्याख्या वाचून दाखवली आणि काठी उगारली. त्यांच्या मागं सात म्हशी रांगेत उभ्या होत्या.

ज्ञानेशनं म्हशींना हरकत घेतली. आक्काबाईंनी सहाव्या नियमावर बोट ठेवलं: 'खेळाडूसोबत त्याचे साहित्य वाहणारे असू शकतात.' एका म्हशीच्या पाठीवर त्यांची भाकरी बांधलेली होती. बाकीच्या सहाजणींचं काय, असं त्यानं विचारलं, तर त्या म्हणाल्या की ती थकली तर लागतील.

मग टोला मारला. चेंडू मुरमावरून गडगडत कालव्याच्या दिशेनं गेला, त्याच्या मागून आक्काबाई, त्यांच्या मागून म्हशी. संध्याकाळी दुसरा टोला, वस्तीच्या दिशेनं. खेळ थांबला त्या जागी दगड ठेवून त्या चेंडू कनवटीला लावत आणि सकाळी तिथूनच पुढं खेळत. पहिला झेंडा उत्तरेला, कालव्याच्या वाटेपासून बाजूला होता. पण चेंडू झेंड्याकडेच मारला पाहिजे असं फलकावर कुठं लिहिलेलं नव्हतं. गुरुजींना ते लिहायची गरज वाटली नव्हती. इतकं तर कुणालाही कळतं, असं ते समजून चालले होते. शिक्षकानं असं कधी समजून चालू नये, हे ते स्वतःच नव्या मास्तरांना सांगत आले होते.

नियम दोन म्हणत होता की सुरू केलेला डाव शेवटच्या खड्ड्यापर्यंत पुरा करावा आणि मध्ये खेळाडूला कुणी अडवू नये. म्हणजे डाव संपेपर्यंत वाट उघडी, आणि डाव तर काही संपत नव्हता. दसऱ्यानंतर सुरू झालेला पहिला होल संक्रांत उलटली तरी चालूच होता. मागून कुणी खेळाडू आला की आक्काबाई बाजूला होऊन अदबीनं हात करायच्या, या पुढं. मात्र त्या स्वतः टोल्याला उभ्या राहिल्या की साऱ्यांना स्तब्ध व्हावं लागे, आणि त्यांना नेम धरायला वेळ लागे. बरोबर सात म्हशी पलीकडं जायला लागतो तेवढा.

आठवा नियम सांगत होता की प्रत्येक खेळाडूला एक साक्षीदार असावा आणि दोघांचे आकडे जुळावेत. 'तफावत आढळल्यास डाव बाद.' साक्षीदार गुरुजी झाले. रोज सकाळ-संध्याकाळ दगडावर बसून वहीत रेघा ओढायचे. जमलं तर तेवढं पाप तरी फिटेल, असं त्यांना वाटे.

फेब्रुवारीत बबनरावांनी मोठी स्पर्धा ठेवली. नियम तपासायला पुण्याहून एक निवृत्त कर्नल आले, मिशा आणि नियम दोन्ही कडक. बबनराव त्या दिवशी असे खेळले की आयुष्यात पहिल्यांदा ढाल त्यांना मिळणार होती. टेबलावर ढाल, हार आणि पेढे मांडून झाले. तेवढ्यात कर्नलांनी माळावर नजर टाकली आणि विचारलं की त्या बाई कोण.

ज्ञानेशला हेच हवं होतं. त्यानं चार महिन्यांची कैफियत सांगितली. कर्नलांनी गंभीरपणे ऐकली, म्हशींची रांग पाहिली, फलक वाचला आणि म्हणाले की बाई खेळाडू आहेत. आकडे काय आहेत?

गुरुजींनी वही उघडली. दोनशे सत्तेचाळीस.

"दोनशे अठ्ठेचाळीस," आक्काबाई म्हणाल्या.

गुरुजींनी घाईनं वही पुन्हा चाळली. त्यांनी डोळ्यांनी खुणावलं, खोकून पाहिलं. आक्काबाईंनी तिकडं पाहिलं नाही.

"पौषातल्या आवसंच्या दिशी गुर्जी शिंकत हुते, तवा बाभळीमागं म्या काठी फिरवली आन् चेंडू ऱ्हायला तिथंच. कुणी बघितलं न्हाई. पर टोला तो टोलाच की."

ज्ञानेशनं टाळी वाजवायची तेवढी बाकी ठेवली. तफावत, तो म्हणाला, साक्षीदार आणि खेळाडू यांच्यात तफावत, डाव बाद. गुरुजी मान खाली घालून उभे राहिले. तेहतीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून सांगितलं, आणि एक जण खरं बोलली ती नेमकी आज.

"त्ये फलकावर खाली बारीक अक्षरात काय लिवलंय, त्ये बी वाचा की," आक्काबाई म्हणाल्या.

फलकाच्या पायाशी घाणेरीचं झुडूप वाढलं होतं. कर्नलांनी ते बुटानं दाबलं. तिथं गुरुजींच्याच हस्ताक्षरात, त्यांच्या स्वतःच्याही विस्मरणात गेलेली, अवघड शब्दांच्या अर्थांची यादी होती. आक्काबाईंनी बोट ठेवून वाचलं.

"तफावत. म्हंजी, खेळाडूनं खरे टोले कमी करून सांगणे."

आक्काबाईंनी तर एक जास्तच सांगितला होता. कर्नलांनी टोपी काढली.

"तीस वर्षं मी हे काम करतोय," ते म्हणाले. "बाभळीमागचा टोला आजवर कुणी सांगितला नव्हता."

बबनराव आपल्या बुटांकडे पाहू लागले. सकाळी तेही बाभळीमागं गेले होते.

डाव कायम राहिला. मग कर्नलांनी सातवा नियम वाचला, आणि बबनरावांचा चेहरा पडला. मैदानावरचा शेवटचा खेळाडू डाव पुरा करीपर्यंत निकाल जाहीर करता येत नव्हता. पेढ्यांवर माशा बसू लागल्या. बबनरावांनी आक्काबाईंना जवळ बोलावून मऊ आवाजात विचारलं की मावशी, अजून साधारण किती दिवस.

"मला कुटं घाई हाय," आक्काबाई म्हणाल्या. "अजून पैलाच होल चाललाय."

त्याच दुपारी बबनरावांनी नववा नियम मंजूर केला. गुरुजींनी रंगाचा डबा आणला आणि लिहिलं: 'वस्तीपासून कालव्यापर्यंतची वाट ही मैदानाचा भाग नाही. तीवरून जाण्यास व्यक्तींना कायम मुभा आहे.' आक्काबाईंनी बोट ठेवून वाचलं आणि म्हशींकडे पाहिलं. गुरुजींनी जीभ चावली, पुन्हा शिडीवर चढले आणि 'व्यक्तींना' पुढं 'व त्यांच्या जनावरांना' असं बारीक अक्षरात घुसवलं.

एवढं झाल्यावर आक्काबाईंनी उरलेला डाव खेळून दाखवला, कारण सुरू केलेला डाव पुरा करावा असं लिहिलेलं होतं. नऊ होल, आणखी एकशे सहा टोले, मागं सात म्हशी आणि हार हातात घेतलेले बबनराव. शेवटचा चेंडू खड्ड्यात पडला तेव्हा सगळ्यांत जोरात टाळ्या त्यांनीच वाजवल्या. मग ते कर्नलांजवळ गेले, बाभळीकडं हात करून काहीतरी हळूच बोलले, आणि ढाल दौंडच्या दातांच्या डॉक्टरांना मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी सवयीनं दगडावर येऊन बसले. आक्काबाई वाटेवर आल्या. त्यांच्याजवळ चेंडू नव्हता, नुसती काठी होती. वाटेच्या मध्यावर म्हशींना पुढं घालायला त्या थांबल्या, काठी जरा उंचावली. पलीकडं चार मॅनेजर खेळत होते. चौघांनी बोलणं तोडलं, पाय जुळवले, एकानं आपली सावली आवरती घेतली, आणि शेवटची म्हैस पलीकडं जाईपर्यंत ते तसेच उभे राहिले.