फळीवरचे पाच मोबाईल

दोन हजार बावीसचा उन्हाळा. मिरजगावजवळच्या वस्तीवर ओंकारने पिठाची गिरणी थांबवली, आणि त्या शांततेत त्याच्या आईला, मालनबाईंना, सुनेचा आवाज आला. सून अश्विनी तर बाहेर ज्वारी पाखडत होती. आवाज मोबाईलमधून येत होता.

"पट्ट्यानं मारत्यात. आत्यांना समदं ऐकू जातं. त्या भांडी घासत ऱ्हात्यात."

वर्षापूर्वी बचत गटाच्या राजेश्वरीताईंनी ही सोय करून दिली होती. घरातला त्रास बाईने मोबाईलमध्ये बोलून ठेवायचा. ते बोलणं शहरातल्या कुठल्या कचेरीत जात नसे. त्याचे तुकडे होऊन पाच जणींच्या मोबाईलमध्ये राहत. त्यांतले तीन एकत्र उघडले, तरच बोलणं जुळे. एकटीला काही कळत नसे. मालनबाई त्या पाचांतल्याच. सासूलाही ऐकू जाणार नाही, या भरवशावर अश्विनी बोलली होती.

पण वस्तीवर वीज टिकत नसे. मालनबाईंच्या घराला लागून असलेल्या गिरणीवर सोलर होतं. पाचही जणी खुरपायला जाताना मोबाईल गिरणीतल्या फळीवर चार्जिंगला लावत. बँकेचा मेसेज वाचून दाखवावा म्हणून कुलपाचे आकडेही त्यांनी ओंकारला सांगून ठेवले होते. मालनबाईंचा पोरगा, तो काय परका होता? त्या दिवशी त्याने फळीवरचे तीन मोबाईल एकत्र उघडले होते.

"माझी अब्रू फळीवर मांडली हिनं," ओंकार म्हणाला आणि दाराकडे निघाला.

मालनबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. हात पिठाने भरलेले होते, ते त्यांनी चौकटीला टेकवले.

"खरं बोलती ती. मला ऐकू येत हुतं."

तो दारातून मागे वळला. मग त्याने गिरणी पुन्हा चालू केली.

मालनबाईंनी सुनेला कपडे भरायला सांगितले आणि मिरजगावच्या स्टँडवर नेलं. एसटीची वाट बघताना अश्विनीने विचारलं, "आत्या, तुमी उघडलं का?"

"न्हाई. पर फळी माझ्याच घरातली हाय."

अश्विनी आता केडगावला शिवणकाम करते. परत आली नाही. ओंकार गिरणी चालवतो, आईशी कामापुरतं बोलतो. राजेश्वरीताईंनी बायांचे आकडे बदलून दिले. त्यानंतर मोबाईलमध्ये फार कोणी बोलून ठेवलं नाही.

फळी रिकामी आहे. मालनबाईंच्या मोबाईलमध्ये अश्विनीचा एक तुकडा अजून आहे. घरात वीज आली की त्या मोबाईल लावतात, आणि भांडी तशीच टाकून त्याच्याशेजारी बसून राहतात.