मुठीवरचा हातमोजा

आमच्या कारखान्यात टँटलमची पावडर तयार होते. हा धातू भलताच तोऱ्यात असतो. उकळत्या आम्लांनाही तो सहसा दाद देत नाही आणि माणसाच्या हाडात बसवला तर वर्षानुवर्षं मुकाट पडून राहतो. हा सगळा तोरा त्याच्या अंगावरच्या ऑक्साइडच्या पातळ सालीमुळे. मोबाइलमधल्या कणभर कपॅसिटरमध्ये वीज साठते तीही त्या सालीच्याच जोरावर. पण भट्टीत नुकत्याच तापलेल्या बारीक पावडरीने ही साल नीट धरलेली नसते. तिला एकदम हवा लागली तर ती पेटते, आणि अशी पेटते की डोळे दिपतात.

म्हणून आम्ही तिला घोटाघोटाने हवा पाजतो. भट्टी निवली की तिच्या पोटात आर्गॉन असतो, ज्यात काही पेटत नाही असा वायू. त्यातला थोडा काढायचा, तेवढीच हवा आत सोडायची आणि थांबायचं. हवा लागून पावडर गरम होते. ती निवली की पुढचा घोट. हे काम माझं. शेवटचा घोट झाला की मी माझा उजवा हातमोजा दाराच्या मुठीत अडकवते. अंगठ्याला लाल दोऱ्याचा टाका आहे, त्यामुळे तो सगळ्यांना ओळखू येतो. तो दिसल्याशिवाय दाराला हात लावायचा नाही, अशी आमची रीत.

दार उघडून ट्रे बाहेर काढते माझी धाकटी बहीण. तिला सगळे भिंगरी म्हणतात. एका जागी उभं राहणं तिच्या रक्तातच नाही. शाळेच्या फोटोतही तिचा एकटीचा चेहरा हललेला आहे. मी तिला रोज बोलते आणि ती या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देते.

त्या दिवशी बरेच घोट बाकी होते. पावडर निवेपर्यंत मी पाणी प्यायला गेले. परत आले तर भट्टीचं दार सताड उघडं, मुठीवर माझा हातमोजा आणि भिंगरी ट्रे घेऊन निघालेली. चेहऱ्यावरची काच नेहमीप्रमाणे कपाळावर सरकवलेली.

तो हातमोजा मी लावला नव्हता.

"खाली पडला होता बाई," फरशी पुसणाऱ्या मावशी म्हणाल्या. "म्हटलं, जागच्या जागी ठेवावा."

"भिंगरी, हलू नकोस," मी म्हणाले. "पावडर कच्ची आहे."

ती थांबली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ट्रेला धक्का लागला असता तर पावडरीचे गठ्ठे फुटून आतले साल न धरलेले कोरे कण हवेत आले असते. फेकून दिला असता तर ढगच उठला असता, तिच्या तोंडाशी. मला इतकी भीती कधी वाटली नव्हती.

"टेबलावर ठेव. सावकाश."

लोखंडी टेबल चार पावलांवर होतं. भिंगरी पाय घासत निघाली. मी पिंपातून कोरडं मीठ घमेल्यात ओढू लागले. ही आग मिठाखालीच गुदमरते. तेवढ्यात ट्रेचा एक कोपरा लाल झाला आणि ती लाली हळूहळू आत सरकू लागली.

मावशींनी ती पाहिली. बिचाऱ्या मदतीलाच धावल्या, फरशीची बादली उचलून. त्या पेटत्या पावडरीवर पाणी पडलं तर हायड्रोजन निघून भडका उडतो, आणि मग आम्हा तिघींचाही निकाल. मी ओरडायला तोंड उघडलं.

"मावशी," भिंगरी म्हणाली, अगदी हळू, नजर ट्रेवरून न काढता. "पाणी नको. बादली खाली ठेवा आणि बाहेर जा."

मावशींनी ठेवली. भिंगरीने ट्रे टेबलावर टेकवला, झोपलेलं बाळ ठेवावं तसा, आणि मागे सरली. मी घमेलं उपडं केलं. मिठाच्या फटींतून पांढरा उजेड आला, तिच्या भुवया करपल्याचा वास आला. मी मीठ टाकतच राहिले. उजेड विझला तरी टाकत राहिले, शेवटी तिनेच माझा हात धरला.

आम्ही दोघी भिंतीला टेकून खाली बसलो. तिचे हात धड होते. मी ते उलटेसुलटे करून पुन्हा पुन्हा पाहिले. मग माझा राग उसळला.

"दाराशेजारीच मीटर आहे. आत किती हवा गेलीय ते दिसतं. एकदा बघायला काय झालं होतं तुला?"

"बघते की मी," ती म्हणाली. "तू रजेवर असतेस तेव्हा दरवेळी बघते. दोनदा."

"मग आज?"

तिने दाराच्या मुठीकडे पाहिलं. हातमोजा अजून तिथेच होता.

"आज तुझा होता ना, ताई."

मी तिचे हात माझ्या हातांत घट्ट धरून ठेवले.