बाबांचे पाय

तात्पुरत्या परवान्यावर फरशी बसवायला परदेशी गेलेल्या गवंड्याने अखेर बायकोला आणि दोन्ही लेकरांना आपल्याजवळ आणलं. थोरला भाड्याच्या खोलीत शिरताच त्याच्या गळ्यात पडला. धाकटी मात्र आईच्या ओढणीआडून त्याच्या पायांकडे टकमक बघत राहिली. तो निघाला तेव्हा ती रांगत होती.

"ये गं चिमणे," तो म्हणाला. ती आणखी मागे सरकली.

"हे कुणीतरी काका आहेत," ती आईच्या कानात कुजबुजली. "यांना पाय आहेत. माझ्या बाबांना नाहीत."

आईला हसू आवरेना. "अगं वेडाबाई, फोनमध्ये मावतात का कुणाचे पाय?"

गवंडीही हसला, पण त्याच्या मनात आलं, परवाना संपेपर्यंत आपण हिचे काकाच राहतो की काय? मग काय सुचलं कोण जाणे, तो टेबलामागे गुडघे टेकून बसला. छातीपासून वरचा तेवढा दिसू लागला. फोनवर करायचा तशी मान कलती करून त्याने विचारलं, "जेवलीस का गं चिमणे? कुणी भरवलं?"

"माझी मीच," सवयीने उत्तर आलं, आणि तिचं तिलाच नवल वाटलं. तिने त्याचा चेहरा नीट न्याहाळला. मग ती वाकली, रांगत टेबलाखाली शिरली आणि त्याच्या गुडघ्यांना वळसा घालून मागे पोचली. सिमेंटने पांढरा पडलेला पायाचा अंगठा तिने बोटाने दाबून पाहिला. तो हलला.

"बाबा," टेबलाखालून आवाज आला, "हे तू इतके दिवस कुठे ठेवले होतेस?"